पोटखराबा: राजापूरच्या सड्यावरची रिफायनरी आणि एका शिक्क्याचा प्रवास

आमच्या घरचा एक सातबारा आहे, राजापूर तालुक्यातल्या एका गावातला. खातेदारांच्या रकान्यात सव्वीस नावं आहेत. त्यातली नऊ माणसं आज हयात नाहीत. वारसनोंद करायची प्रत्येक मे महिन्यात ठरते आणि आंब्याच्या पेट्या भरताना राहून जाते. उरलेल्यांत गावात राहणारे तिघे. बाकीचे लालबाग, नालासोपारा, डोंबिवली, एक पुतण्या शारजात. क्षेत्राच्या रकान्यात लागवडीखालची जमीन गुंठ्यांत मोजावी एवढी, आणि तिच्याखाली एक मोठा आकडा. त्याच्यासमोर एकच शब्द लिहिलेला आहे: पोटखराबा.

महसुली भाषेत पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. आमच्याकडे तिला सडा म्हणतात. जांभ्या दगडाचं पठार, उन्हाळ्यात तव्यासारखं तापलेलं, चालताना चपलेखाली दगड वाजतो. मुंबईहून आलेला अधिकारी मे महिन्यात बघून गेला तर त्याला तिथे काहीच दिसणार नाही. तोच जुलैत आला तर गुडघाभर गवत, त्यात चरणारी गुरं, खळग्यांतलं पाणी आणि सप्टेंबरात फुलांचा गालिचा दिसेल. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून मुरत खालच्या वाडीतल्या विहिरींना आणि पऱ्यांना, म्हणजे ओढ्यांना, येतं, हे वाडीतल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. आणि ज्याला सरकार लागवडीला अयोग्य म्हणतं त्याच कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, खालून टोपल्यांनी माती वाहून आणून लोकांनी हापूसची कलमं लावली. ती कलमं पीकपाहणीत नोंदवलेली असतीलच असं नाही.

राजापूर तालुक्यात आधी नाणारला आणि मग बारसूला आणू पाहिलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचं, म्हणजे रिफायनरीचं, प्रकरण बहुतेक वेळा दोन प्रकारे सांगितलं जातं. एक, विकास विरुद्ध पर्यावरण. दोन, शिवसेना विरुद्ध भाजप. दोन्हींत तथ्य आहे. पण मला हे प्रकरण आधी जमिनीच्या कागदाचं वाटतं. त्या कागदावर जमिनीचं वर्णन काय आहे, त्यावर शिक्का कोण मारतो आणि तोच शिक्का कोण पुसतो, एवढं नीट पाहिलं तर तीन लाख कोटींचा प्रकल्प एका तालुक्यात का बसू शकला नाही ते पुष्कळसं उलगडतं.

राजापूर हे काही औद्योगिक गाव नाही. नगर परिषद आहे, पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या दहा हजारांच्या आत. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या कुशीत वसलेलं शहर. पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी भरलं की बातमी होते, आणि ती दरवर्षी होते. शिवकाळात इथे इंग्रजांची वखार होती, जहाजं येत होती. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदर गेलं. कोकण रेल्वे आली, पण राजापूर रोड स्टेशन शहरापासून इतकं लांब की रिक्षाचं भाडं ऐकून माणूस एसटीची वाट बघतो. गंभीर पेशंटला रत्नागिरीला, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागतं. शहरातल्या व्यापाऱ्याला, लॉजवाल्याला, सिमेंट-लोखंड विकणाऱ्याला रिफायनरी हवीशी वाटली तर त्यात त्याचं काय चुकलं? दहावी-बारावी झालेली मुलं दादरची गाडी पकडतात आणि गणपती-शिमग्यालाच परत दिसतात, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतं.

गोम अशी की रिफायनरी शहराच्या हद्दीत येणारच नव्हती. ती सड्यावर, खाडीकाठच्या आणि डोंगरावरच्या गावांत यायची होती. फायदा शहराच्या बाजारपेठेला आणि जमीन गावाची, अशी ती विभागणी. आणि कायद्याने या दोघांनाही, नगर परिषदेला आणि ग्रामपंचायतीला, त्या जमिनीवर काय व्हावं हे ठरवण्याचा अधिकार नव्हता.

शिक्का कसा बसतो

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चा. त्याचं सहावं प्रकरण भूसंपादनाचं. सरकार आधी अधिसूचना काढून ते प्रकरण एखाद्या भागाला लागू करतं आणि तो भाग औद्योगिक क्षेत्र म्हणून जाहीर करतं. मग कलम ३२(२) खाली जमीनमालकांना नोटिसा, हरकती, सुनावण्या. त्यानंतर ३२(१) ची अंतिम अधिसूचना, आणि जमीन सरकारची. नोटिशीनंतर सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात एक ओळ चढते. जमीन अजून तुमचीच असते, कसायलाही तुम्हीच असता. पण ती विकायला गेलात, कर्जाला तारण ठेवायला गेलात, तर समोरचा माणूस ती ओळ वाचतो आणि कागद परत करतो. नगररचनेच्या दृष्टीनेही अशा क्षेत्रात एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, हीच विशेष नियोजन प्राधिकरण होते. म्हणजे बांधकामाचा नकाशा मंजूर करणारा हात बदलतो.

पुण्या-मुंबईकडे झोन बदलायचा म्हटलं की विकास आराखडा, हरकती, नगरसेवक, बिल्डर असा लांबलचक तमाशा असतो. तमाशा असला तरी त्यात आरडाओरडा करायला जागा असते. इथे एका राजपत्राने सोळा गावांचा उपयोग बदलतो आणि गावाला ते कळतं वर्तमानपत्रातून.

केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती लागते, शिवाय सामाजिक परिणामांचं मूल्यांकन करावं लागतं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून स्वतःचे चार कायदे त्यातून बाहेर ठेवले. एमआयडीसीचा कायदा त्यांतला एक. मोबदल्याच्या तरतुदी तेवढ्या लागू ठेवल्या. पैशाचं गणित केंद्राचं आणि विचारण्याची पद्धत १९६१ ची, असं काहीसं झालं. रत्नागिरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखाली ग्रामसभेला मिळणारा आधारही इथे नाही. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला तर तो तहसीलदाराकडे जातो, जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि फाइलला लागतो. बंधनकारक काहीच नाही.

हे सगळं कायदेशीर आहे. कंपनीच्या वकिलाने फाइल चाळली असती तर त्याने 'जोखीम कमी' असाच शेरा मारला असता. संमतीची अट नाही, ग्रामसभेला नकाराधिकार नाही, जमीन बहुतांश पोटखराबा. कागदावर राजापूरइतकी सोपी जागा शोधून सापडली नसती.

नाणार

१८ मे २०१७ ला नाणारची अधिसूचना निघाली. राजापूर तालुक्यातली १४ गावं आणि देवगडमधली गिर्ये, रामेश्वर ही दोन. नाणार, सागवे, कात्रादेवी, तारळ, विल्ये, पडवे वगैरे. सुमारे १५ हजार एकर. तारीख लक्षात घ्या. मे महिन्याचा उत्तरार्ध म्हणजे आंब्याचा शेवटचा हात, शाळांना सुट्टी आणि गावात चाकरमानी. एरवी नोटीस आली असती तर म्हाताऱ्यांनी ती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवली असती. इथे ती वाचायला घरोघरी मुंबईत युनियनची, पतपेढीची, सोसायटीची कामं केलेली माणसं हजर होती. जूनमध्ये ती परत गेली आणि सोबत भांडण मुंबईला घेऊन गेली. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ असतं. एरवी ते देवळाच्या कळसासाठी वर्गणी काढतं. त्या वर्षी त्या मंडळांच्या बैठकांत सातबाऱ्याच्या झेरॉक्स फिरत होत्या.

सरकारी प्रकल्पांच्या अहवालांत 'बाधित कुटुंब' म्हणजे त्या जागी राहणारं कुटुंब. कोकणात मालक एका ठिकाणी राहतो आणि मालकी दुसऱ्या ठिकाणी. गावातल्या तिघांनी संमतीपत्रावर सही केली तरी तेविसांची उरते. त्यातले नऊ वारले असतील तर त्यांच्या वारसांची. समर्थकांनी इतक्या एकरांची संमतीपत्रं दिली, विरोधकांनी इतकी खोटी ठरवली, असे आकडे दोन्ही बाजूंनी फेकले गेले. सहहिस्सेदारांच्या या गुंत्यात खरा आकडा काढणं कुणालाही कसं जमलं असेल याचं मला आजही नवल वाटतं.

आता राजकारणाकडे येऊ, कारण गंमत तिथे आहे. अधिसूचना काढली उद्योग खात्याने. उद्योगमंत्री होते सुभाष देसाई, म्हणजे शिवसेनेचे. आणि विरोधाचं नेतृत्व करायला पुढे आली तीही शिवसेनाच. सप्टेंबर २०१७ मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांची ५०:२५:२५ अशी संयुक्त कंपनी स्थापन झाली. वर्षाला सहा कोटी टन क्षमता, तीन लाख कोटींचा खर्च. ११ एप्रिल २०१८ ला दिल्लीत सौदी अरामको या तेल कंपनीशी करार झाला. त्यानंतर बारा दिवसांनी, २३ एप्रिलला, उद्धव ठाकरे यांची नाणार परिसरात सभा झाली. त्याच सभेत देसाईंनी अधिसूचना रद्द केल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट केलं की असं काही रद्द झालेलं नाही, तो अधिकार मंत्र्याचा नसून उच्चाधिकार समितीचा आहे.

त्या रात्री सागव्यातल्या एखाद्या बागायतदाराने काय समजायचं? मंत्री म्हणतो शिक्का पुसला, मुख्यमंत्री म्हणतो शिक्का आहे, आणि सातबारा काढला तर त्यावर ती ओळ जशीच्या तशी. सौदीत बसलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याला तरी काय समजणार? जूनमध्ये अबुधाबीची अॅडनॉकही भागीदारीत आली. दोघे मिळून निम्मा हिस्सा घेणार होते, आणि ज्या जमिनीसाठी ते सह्या करत होते तिचा दर्जा राज्यातल्या दोन मित्रपक्षांच्या भांडणात लटकलेला होता.

याच काळात, २२ मे २०१८ ला, तमिळनाडूत तुतिकोरिनला स्टरलाइटच्या तांबे प्रकल्पाविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला आणि १३ माणसं मेली. रत्नागिरीकरांसाठी ती परक्या राज्यातली बातमी नव्हती. तो प्रकल्प मुळात रत्नागिरीच्या एमआयडीसीत यायचा होता. १९९३ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून काम थांबवायला लावलं आणि तो तुतिकोरिनला गेला. 'आपण तेव्हा हाकललं नसतं तर' हे वाक्य त्या पावसाळ्यात किती ओटीवर ऐकलं त्याची मोजदाद नाही. त्याआधीची आठवण तर याच तालुक्यातली: माडबनचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प, ९,९०० मेगावॉटचा. तिथे जमीन संपादन झाली, १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे इथे पोलीस गोळीबारात एक तरुण गेला, आणि अणुभट्टी अजून उभी राहिलेली नाही. गेलेली जमीन डोळ्यांसमोर आहे आणि आलेला प्रकल्प कुठे दिसत नाही. त्यामुळे नाणारच्या माणसासमोर 'एक लाख रोजगार' हा आकडा आला तेव्हा त्याने आधी माडबनच्या कुंपणाकडे बघितलं.

१८ फेब्रुवारी २०१९ ला लोकसभेसाठी युती जाहीर झाली. २ मार्चला नाणारची अधिसूचना रद्द झाल्याचं जाहीर झालं. मधल्या दोन आठवड्यांत कुठला पर्यावरण अहवाल आला नाही, कुठली सुनावणी झाली नाही. कलमं तीच होती, खाडी तीच होती, मासेही तेच. बदललं होतं फक्त जागावाटप.

मी स्वतः नाणारला रिफायनरी नको या मताचा होतो आणि आहे. तरीही त्या दिवशी पेढे वाटणाऱ्यांत मला जाता आलं नाही. जो शिक्का जागावाटपात पुसला जातो तो जागावाटपातच परत बसतो, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. आणि झालंही तसंच. सप्टेंबर २०१९ मध्ये भाजपची महाजनादेश यात्रा राजापुरात आली तेव्हा नाणारचा फेरविचार करू, असं फडणवीस म्हणाले. फेब्रुवारी २०२० मध्ये, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना, 'सामना'त रिफायनरीचे फायदे सांगणारी जाहिरात आली. पक्षाची भूमिका जाहिरातीवरून ठरत नाही, असा खुलासा करावा लागला. नारायण राणे स्वतःचा पक्ष असताना विरोधात होते, भाजपमध्ये गेल्यावर समर्थनात आले. तालुक्यात एक काळ असा होता की कुठला पुढारी सध्या कुठल्या बाजूला आहे हे सांगण्याआधी माणूस मोबाइलवर तारीख बघून घेई.

बारसू

१२ जानेवारी २०२२ ला मुख्यमंत्री ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून पर्यायी जागा सुचवली. बारसू-सोलगाव परिसरात सुमारे १३ हजार एकर, आणि क्रूड तेल उतरवण्याच्या टर्मिनलसाठी नाटे इथे २,१४४ एकर. जमीन बरीचशी पडीक आहे, वस्ती उठवावी लागणार नाही, असा त्या पत्राचा मुद्दा होता.

पुन्हा पोटखराबा. नाणारला आंबा आणि मासे आडवे आले ना, मग जिथे सातबाऱ्यावर काहीच पिकत नाही अशी जागा बघू, असा तो विचार. कागद वाचून केलेला, आणि कागदापुरता बरोबर. फक्त बारसूच्या सड्यावर कागदात न मावणारी एक गोष्ट आधीपासून पडलेली होती.

ती म्हणजे कातळशिल्पं. जांभ्यात कोरलेल्या आकृती: मासे, हत्ती, पक्षी, माणसं, कशाचा अर्थ लागू नये अशा चौकटी. बारसूला एक मोठं शिल्प आहे, मध्ये माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी. गुराख्यांना ती कायम माहीत होती. कुठे पांडवांची म्हणत, कुठे देवाची. गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्थानिक शोधकर्त्यांनी सडेच्या सडे पायी पालथे घातले आणि एक हजारांहून अधिक आकृती नोंदवल्या. एप्रिल २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली आणि त्या मोजक्या ठिकाणांत बारसूही होतं. जानेवारीत राज्याने पंतप्रधानांना जागा सुचवली रिफायनरीसाठी आणि एप्रिलमध्ये देशाने जगाला तीच जागा दाखवली वारसा म्हणून. दोन खात्यांच्या दोन फाइली एकाच सड्यावरून गेल्या आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. मला या अख्ख्या प्रकरणात याहून बोलका तपशील सापडलेला नाही. एकाच्या लेखी तिथे काही नव्हतं, दुसऱ्याच्या लेखी हजारो वर्षं होती, आणि सातबाऱ्यावर दोन्हींसाठी एकच शब्द.

बारसूचा सडा राजापूर शहरापासून जवळ. त्यामुळे नाणारला जी शहर-गाव फट पुसट होती ती इथे रुंदावली. धोपेश्वरच्या ग्रामसभेने मतदान घेऊन विरोध नोंदवला. गोवळ, शिवणे, देवाचे गोठणे, सोलगाव या पंचक्रोशीत तीच भावना. शहरात दुकानांवर समर्थनाचे फलक. स्थानिक आमदार राजन साळवी ठाकरे गटाचे, पण जाहीरपणे प्रकल्पाच्या बाजूने. खासदार विनायक राऊत त्याच गटाचे आणि कडवे विरोधक. एकाच पक्षाचे दोन लोकप्रतिनिधी एकाच सड्याकडे बोट दाखवून दोन गोष्टी सांगत होते.

आणि जमिनीचे व्यवहार. रिफायनरीची कुजबुज सुरू झाली की दलाल आधी पोचतात, तलाठी मागाहून. नाणारच्या वेळीच बाहेरच्या जिल्ह्यांतल्या, बाहेरच्या राज्यांतल्या लोकांची नावं गावच्या सातबाऱ्यांवर दिसू लागल्याच्या तक्रारी होत्या. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात माणूस शेतकरी असावा लागतो, हा नियम आहे. पण दूरच्या कुठल्या तरी सातबाऱ्याचा आधार घेऊन शेतकरी झालेली माणसं कोकणाला नवीन नाहीत. पडीक सड्याचा गुंठा ज्याने काही हजारांत विकला त्याला वर्षभरात कळतं की सरकार त्याचा मोबदला किती देणार आहे. मग त्याचा राग रिफायनरीवर असतो की दलालावर, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. विरोधात घोषणा देणाऱ्यांत असे काही असणार, आणि समर्थनाच्या फलकावरच्या फोटोंत नव्याने जमिनी घेतलेले काही. दोन्ही बाजू हे खासगीत मान्य करतात.

६ फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारीशे यांनी अशाच एका जमीन-व्यवहारातल्या, प्रकल्पाच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाबद्दल बातमी दिली. त्याच दुपारी राजापुरात महामार्गालगत त्यांच्या दुचाकीला त्या माणसाच्या गाडीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी वारीशे गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली. त्या धडकेनंतर या विषयावर चहाच्या टपरीवर मोठ्याने बोलणं बंद झालं. मी तालुक्यात होतो त्या आठवड्यात. माणसं बोलायची, पण आधी मागे वळून बघायची.

एप्रिल २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात माती परीक्षणासाठी बोअर मारायची यंत्रं बारसूच्या सड्यावर चढली. जमावबंदी, शेकडो पोलीस, उन्हाचा कडाका. बायका गाड्यांपुढे आडव्या पडल्या. त्यांना उचलून गाड्यांत भरलं. २८ तारखेला अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या आणि वाळलेल्या गवताला आग लागल्याची दृश्यं महाराष्ट्रभर दिसली. तोच तो पडीक सडा, आता प्रत्येक वाहिनीवर. ६ मे ला उद्धव ठाकरे बारसूला आले. ज्या पत्रात जागा सुचवली होती ते त्यांना दाखवलं जात होतं, आणि लोकांची संमती असेल तरच, असं आपलं म्हणणं होतं असं ते सांगत होते. त्याच दिवशी रत्नागिरीत राज ठाकरे यांची सभा झाली आणि तीत कातळशिल्पांचा आणि युनेस्कोचा विषय निघाला. गुराख्यांची चित्रं सभेच्या माइकवर पोचली ती अशी.

माती परीक्षण बंदोबस्तात उरकलं. पुढे काय, हे मात्र कुणी ठासून सांगेना.

जोखीम कुठे होती

या प्रकरणावरून काही उद्योगवाले मंडळी म्हणतात, कोकणी माणूसच आडमुठा. काही आंदोलक म्हणतात, लोकशक्तीपुढे सरकार झुकलं. मला दोन्ही पटत नाही. लोटे परशुरामला रासायनिक कारखाने आहेत, कोकणी माणूस तिथे नोकरीही करतो आणि दाभोळच्या खाडीत मासे मेल्यावर मोर्चाही काढतो. तो कारखान्याला जन्मजात विरोधक नाही. आणि सरकार झुकलं ते लोकांपुढे की युतीपुढे, हे २०१९ च्या तारखा शेजारी ठेवून ज्याचं त्याने ठरवावं.

प्रकल्प अडकला तो विचारण्याच्या टप्प्याला वळसा घातल्यामुळे. संमती लागत नाही म्हणून ती घेतली नाही, सामाजिक परिणामांचं मूल्यांकन सक्तीचं नाही म्हणून केलं नाही. मूल्यांकन झालं असतं तर सहहिस्सेदार किती, मुंबईत किती, सड्यावरची कलमं किती, कुठल्या वाडीची विहीर कुठल्या सड्यावर अवलंबून, कातळशिल्पं कुठे, हे सगळं दोन वर्षांत लिहून झालं असतं. कदाचित त्या अहवालानंतर रिफायनरी छोटी झाली असती, सरकली असती, नाहीतर नाणारला नाहीच हे २०१७ मध्येच ठरलं असतं. त्याऐवजी सगळी माहिती आंदोलनातून, कोर्टातून आणि टीव्हीवरून एकेक करून बाहेर आली, आणि प्रत्येक वेळी सरकारला ती नवीन होती. वेळ वाचवायला म्हणून गाळलेल्या पायरीने सहा वर्षं खाल्ली.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. राजपत्रातली अधिसूचना सरकार बदलताना, युती होताना, यात्रा निघताना चालू-बंद होणार असेल तर तिच्यावर समर्थकाने का विश्वास ठेवावा? ज्याने मनापासून जमीन द्यायची ठरवली होती, मुलाच्या शिक्षणाचं, घराचं गणित त्यावर मांडलं होतं, त्याचं २ मार्च २०१९ ला काय झालं याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. असे लोक होते. थोडे होते, पण होते. विरोधकांना निदान आंदोलन तरी मिळालं.

२०२४ ला खासदार बदलले, आमदार बदलले. साळवी पुढे शिंदे गटात गेले. लोकसभेला राणे आले, विधानसभेला उद्योगमंत्री उदय सामंत यांचे बंधू किरण सामंत. रिफायनरीचं नाव प्रचारात जेवढं टाळता येईल तेवढं सगळ्यांनीच टाळलं. भारत पेट्रोलियमच्या संचालक मंडळाने त्या वर्षाच्या अखेरीस आंध्रच्या किनाऱ्यावर नव्या रिफायनरीच्या पूर्वतयारीला मंजुरी दिली. क्षमता राजापूरच्या कितीतरी कमी.

गेल्या मे महिन्यात मी वारसनोंदीचं पुन्हा मनावर घेतलं. तलाठ्याकडे गेलो, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. अर्ज, मृत्यूचे दाखले, वंशावळ, सगळं नेलं होतं. त्यांनी उतारा काढला, पोटखराब्याच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "एवढं हे कातळच ना? त्याच्यासाठी एवढी धावपळ कशाला करताय? काही येतंय का परत तिकडे?" मी म्हटलं, तसं काही ऐकलं नाही. बाजूच्या बाकावर बसलेल्या दोघांनी बोलणं थांबवून आमच्याकडे बघितलं.